तुझ्या खांद्यावरचा सूर्य

मंदार, बातमी वाईट आहे, तेव्हा आधी तीच सांगून टाकतो. तुझ्या फोटोत सूर्य उगवलाय. डाव्या खांद्याच्या मागून. त्यातून उजेडाच्या रंगीत गोळ्यांची एक तिरपी रांग निघते, आधी पिवळा, मग हिरवट, मग एक जांभळा षटकोनी ठिपका, आणि ती थेट तुझ्या डोळ्यांखालून उजव्या कानापर्यंत जाते. मागे निळे ढग आहेत. ढगांच्या खाली बर्फाचे डोंगर. माथेरानलाही जो दम लागतो म्हणून कधी आला नाही, तो तू आता हिमालयात उभा आहेस, आणि अंगात आपल्या जगनच्या भावाच्या हळदीला घातलेला तोच चौकड्यांचा शर्ट आहे.

मी तो फोटो पाहिला. तुझ्या भाषेत, थेट ओकारी.

तुझ्या चारच पायऱ्या होत्या. नवा गेम उत्तम असला तर ‘बरा आहे’. त्याच्या वर तू कधी गेलाच नाहीस. थोडा दिखाऊ असला तर ‘ढेकर’. त्याच्या खाली ‘मळमळ’. आणि ज्यात बनवणाऱ्यांनी नुसता लखलखाट करून ठेवलाय, खेळ मात्र शोधूनही सापडत नाही, ती ‘ओकारी’. गेल्या वर्षभरात आलेले बहुतेक गेम तू शेवटच्या पायरीवर बसवलेस. आता तुला स्वतःलाच तिथे बसवलंय, आणि तेराव्याला तो फोटो तुमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर चढायचा होता. चढला की चढला. अशा भिंतीवरून फोटो कोणी उतरवत नाही. मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीवर तू आमच्याशी भांडलास, तीच गळ्यात घालून तुला कायमचं लटकवायचं म्हणजे काय?

मानपाडा रोडवरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तू शिकवायचास आणि रविवारी क्लास बंद असला की किल्ली तुझ्याकडे असायची. क्लासच्या सरांना आपण तिथे काय करतो ते ठाऊक होतं. त्यांची अट एकच, वडापावचा हात कीबोर्डला लागता कामा नये. तू, मी आणि भोपरचा जगन. आत पडदे ओढलेले, बाहेर एमआयडीसीचा तो कुजक्या अंड्यांचा वास, आणि मधल्या टेबलावर तो एकच कॉम्प्युटर, ज्यात नवं थ्रीडी कार्ड होतं. ते कार्ड आलं आणि आपल्या मैत्रीत कटकट सुरू झाली.

कारण त्या कार्डाबरोबर सगळी नाटकं आली. आधी गेममध्ये भिंत होती ती भिंत होती. आता भिंत चमकायला लागली. फरशी चमकायला लागली. माती, अरे माती चमकायला लागली! बंदूक उडाली की पडदा हलायचा, गोळी लागली की अख्खा पडदा लाल व्हायचा आणि नेमकं तेव्हाच, जेव्हा मारणारा कुठे आहे ते बघायची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच काही दिसायचं नाही. जगन हात झटकून उठायचा. “अरं मना तं काय दिसतच नाय, कोनाला मारू?”

“बघ, ह्याला कळतं,” तू मला म्हणायचास. “तुला कळत नाही. तू रंगवाला आहेस.”

मी रंगाच्या कारखान्यात काम करतो हा तुझ्या लेखी गुन्हाच होता. मला ते सगळं आवडायचं, हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. पाण्यावर हलणारा उजेड मला आवडायचा. भुयारातल्या मशालीचा भिंतीवर पडणारा तांबूस रंग आवडायचा. तू म्हणायचास, “शिऱ्या, तुला गेम नको, तुला दिवाळीची रोषणाई पाहिजे. फडके रोडला जाऊन उभा राहा ना.”

नवी सीडी आली की तू ती खेळू द्यायचा नाहीस. आधी झाडझूड. नवा भाडेकरू यायच्या आधी खोली धुऊन घ्यावी तसा तू ऑप्शन्समध्ये शिरायचास आणि एकेक गोष्ट बंद करत सुटायचास. धुकं बंद. पडद्याचं हलणं बंद. रंगीत दिवे बंद. सावल्या ठेवायचास, सावलीवरून माणूस कुठे आहे ते कळतं म्हणून. आम्ही मागे ताटकळत. झाडझूड संपली की मग गेम उरायचा, म्हणजे काही उरलाच तर. त्या मोटारशर्यतीच्या गेमचं काय झालं होतं? सगळं बंद केल्यावर एक करडा रस्ता राहिला आणि त्याच्यावर एक डबा. पाच मिनिटांत तू खुर्ची मागे सारलीस. “ह्यांनी काही बनवलंच नाहीये. नुसता पावडरचा थर दिलाय.” आणि मग तुझं ठरलेलं वाक्य, जे ऐकून ऐकून माझे कान किटले होते: “जिथे कामात खोट असते ना, तिथेच उजेड मारतात.”

धुक्याचा तर तुला मनस्वी राग. लांबचं काही दाखवायची मशीनची ताकद नाही, म्हणून लांब धुकं सोडतात, हे तू आम्हाला समजावून सांगितलंस आणि त्या दिवसापासून मला कुठल्याच गेममधलं धुकं सुंदर वाटेना. नाश केलास तू त्या धुक्याचा. जगन म्हणाला, “धुका बघायला गेम कशाला पायजे? खिडकी उघड.” खिडकी उघडली तर खरंच समोरच्या बिल्डिंगचे वरचे मजले गेलेले.

पण सगळ्यात जास्त चीड त्या उजेडाच्या गोळ्यांची. मागच्या वर्षापासून ती साथच आली. घोड्यावर बसा, विमानात बसा, पायी चाला, सूर्याकडे तोंड केलं की पडद्यावर तिरप्या रांगेत गोळे. ज्या गेमचा नायक तलवार घेऊन जंगलात फिरतो, त्यातही गोळे. तू टेबलावर हात आपटलास. “हे कॅमेऱ्याच्या काचेत होतं, शिऱ्या! काचेत! ह्या माणसाच्या डोळ्यात काय काच बसवलीय? तलवारीच्या जमान्यात कॅमेरा कुठून आला?” आणि बनवणारे इतके पक्के की ते गोळे बंद करायची सोयच ठेवायचे नाहीत. तेव्हा तू एका हाताने माऊस धरायचास आणि दुसऱ्या हाताचा तळवा पडद्यावर सूर्याच्या जागी ठेवायचास. सूर्य सरकला की तळवा सरकायचा. आम्ही हसून हसून लोळायचो आणि तू तसाच, तळव्याने सूर्य झाकत, जिंकायचास.

मी म्हणायचो, खऱ्या आयुष्यातही चमक येते. तू म्हणायचास, काच असेल तर येते. हे आपलं भांडण. इतकं साधं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

खरं तर ते भांडण कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं. तुमच्या घरी तेव्हा काळा-पांढरा टीव्ही होता आणि काका कल्याणहून तो रंगीत प्लास्टिकचा कागद घेऊन आले होते, टीव्हीच्या काचेवर लावायचा. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. म्हणजे आभाळ निळं, माणसं तांबूस, गवत हिरवं, अशी त्यामागची अक्कल. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि पदर हिरवा. अख्खी चाळ बघायला आली. तुझ्या आईला, काकूंना, तो कागद फार आवडला. त्या म्हणाल्या, “आपल्याकडे पण रंगीत झाला गं बाई!” आणि तू, चौथीतला, मोठ्या माणसासारखा पुढे झालास आणि तो कागद टर्रकन सोलून काढलास. “माणूस निळा नसतो,” म्हणालास. काकांचा मार खाल्लास, पण कागद परत लागला नाही. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. कागदाची सुरकुती सरळ करत बसल्या होत्या, ते मला आठवतंय. मी त्या वयात तुझ्या बाजूने होतो, कारण तू माझा मित्र होतास आणि कारण त्या बाईंचं कपाळ खरंच निळं दिसत होतं.

मग तुझी किडनी. त्याबद्दल तुला काय सांगू, तुलाच ठाऊक. जगनच्या व्हॅनमधून शीळफाट्यावरून ठाण्याला जायचं, डायलिसिसच्या मशीनला बसायचं, परत यायचं, आणि परत निघायचं. तुझा चेहरा सुजायला लागला, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. तू आरशात बघून म्हणालास, “माझ्यात पण आता इफेक्ट टाकायला लागले.” आम्ही हसलो. मला त्या हसण्याचीही आता किळस येते, पण तुला तेव्हा आम्ही हसायला हवे होतो, म्हणून हसलो.

एकदा परत येताना शीळफाट्याला ट्रकांच्या मागे अडकलो होतो. दुपार कलली होती. ऊन समोरच्या काचेतून सरळ आत आलं आणि काचेवर, देवाशपथ, तेच गोळे उमटले. तिरप्या रांगेत. मी तुला कोपराने ढोसलं. “बघ! हे बघ! येतात की नाही?”

तू डोळे अर्धे मिटून पाहिलंस. मशीनवरून उतरल्यावर तुला बोलायचंही बळ नसायचं, पण ह्याच्यासाठी आलं. “काच,” म्हणालास. “जगन, काच खाली कर.”

“पुढची काच कशी खाली करू रं?” जगन ओरडला.

“मग मी जिंकलो,” तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

तू जिंकलास की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काच नसताना गोळे दाखव, असं तुझं आव्हान होतं. मी शोधणार होतो. वाटलं होतं, वेळ आहे.

तू गेल्यानंतर घरी येणाऱ्यांचं मी काय सांगू? शिसारी आली. तुझे ते बदलापूरचे मामा सोफ्यावर मांडी ठोकून बसले आणि चहा भुरकत म्हणाले, “रेडिएशन असतं त्या स्क्रीनमध्ये. रात्रंदिवस ते खेळ. शरीर किती सोसणार?” आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. किडनीचं दुखणं तुला कशाने झालं ते डॉक्टरांनाही सांगता येईना, पण मामांना सांगता येत होतं, तेही खारी बुडवता बुडवता. कोणी म्हणालं, तो कॉम्प्युटर आता घरातून काढा. अरे, घरात कॉम्प्युटर होताच कुठे? मला त्या कपासकट तो चहा मामांच्या धोतरावर ओतावासा वाटला. जगनने माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “यांना पन ऑप्शनमधी जाऊन बंद करता आला असता तं बरा झाला असता.” तू असतास तर त्याला मिठी मारली असतीस.

आणि मग तो फोटो. तुझा धड एकही फोटो घरात नव्हता, कॅमेरा दिसला की तू पाठ फिरवायचास. कॉलेजच्या ग्रुप फोटोत तुझं डोकं शेंगदाण्याएवढं. सापडला तो एकच, हळदीतला, गेल्या वर्षीचा, दुखणं सुरू झाल्यानंतरचा. कोणीतरी तो स्टुडिओत नेऊन दिला, आणि तेराव्याच्या तीनचार दिवस आधी तो फ्रेममध्ये बसून, हिमालय आणि सूर्य घेऊन परत आला.

मी स्टुडिओत गेलो. स्टेशनाजवळचाच, नव्याने कॉम्प्युटर घेतलेला. बाहेर नमुने लावले होते, एका नवरीला कमळात बसवलं होतं आणि एका आजोबांना चंद्रावर. स्टुडिओवाला भला माणूस होता आणि त्यामुळे जास्तच राग आला.

“आवडला ना साहेब? काय तेज आलंय बघा चेहऱ्यावर.”

“त्याला असलं आवडायचं नाही,” मी म्हणालो.

“कोणाला?”

“ज्याचा फोटो आहे त्याला.”

तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, आजकाल सगळे हेच घेतात. साधा पडदा ठेवला तर लोकांना वाटतं आपण कामच केलं नाही.” मी त्याला सांगितलं की काम केलं नाही असंच वाटू दे. मागे काही नको. जसा होता तसा. त्याने खांदे उडवले आणि संध्याकाळपर्यंत साधा फोटो काढून दिला. करडी पार्श्वभूमी, चौकड्यांचा शर्ट, आणि तू. सगळी झाडझूड केलेला तू. मला इतकं बरं वाटलं की मी तो ब्राउन पेपरमध्ये गुंडाळून चालत तुमच्या घरी निघालो. रस्ताभर तुझ्याशी बोलत होतो. म्हणत होतो, वाचवलं बघ तुला.

कारखान्यात मी रंग दिलेल्या कापडाचे नमुने तपासतो. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान दिसतात, म्हणून मी नमुना खिडकीपाशी नेतो आणि बाहेरच्या साध्या उजेडात बघतो. साहेब म्हणतात, ही सवय कुठून लागली? मी कधी सांगितलं नाही. तुझ्याकडून लागली. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू महिनाभर मिरवला असतास, म्हणून नाही सांगितलं. आता मिरव.

काकू स्वयंपाकघरात तेराव्याचे लाडू वळायला आलेल्या बायकांना तूप काढून देत होत्या. मी त्यांना बाहेर बोलावलं. पेपर सोडला, फोटो समोर धरला आणि माझं भाषण सुरू केलं. काकू, मंदारला हे असं चालणार नाही, तुम्हाला माहीत आहे तो कसा होता, त्याला ते गोळे, तो सूर्य…

काकूंनी फोटोकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि तळवा फोटोवर ठेवला. तुझ्या चेहऱ्यावर, बरोबर डोळ्यांखाली. तू पडद्यावर सूर्य झाकायचास ना, अगदी तसा. घट्ट.

“मला माहीत आहे त्याला काय आवडायचं ते,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलं त्या फोटोवाल्याला. डोळ्यांखाली उजेड टाका म्हटलं. बाकीचं ते ढगबिग त्याने त्याच्या मनाने केलं.”

मी म्हणालो, “पण काकू, ते खोटं आहे.”

“असू दे खोटं. त्याने टीव्हीचा कागद फाडला तेव्हा मी गप्प बसले, शिरीष. शहाणा पोरगा, बोलतोय ते खरं आहे, असं मनाशी म्हणाले. आता नाही गप्प बसणार. उठल्यासुटल्या मला ह्या भिंतीकडे बघायचंय. मला माझा पोरगा सुजलेला नकोय भिंतीवर.”

जिथे खोट असते तिथेच उजेड मारतात. बरोबर होतं रे तुझं. अक्षरशः बरोबर होतं. खोट कुठे होती ते काकूंना फोटोवाल्याहून चांगलं माहीत होतं, आणि त्यांनी बोट ठेवून तिथेच उजेड मागितला. तू असतास तर काय उत्तर दिलं असतंस?

साधा फोटो मी परत पेपरात गुंडाळला. तो माझ्याकडे आहे, माझ्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला. भिंतीत खिळा मीच ठोकला. जगनने स्टूल धरलं. हिमालय, ढग, सूर्य, सगळं वर चढवलं. जगन वर बघून पुटपुटला, “मंदार उतरून आपल्याला मारील.” मी म्हणालो, मारू दे. मला अजूनही तो फोटो बघून ढवळतं, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. ओकारी ती ओकारीच. त्यात मी तुझ्याशी बेइमानी केलेली नाही.

काकूंनी हार घातला. फोटोच्या खाली तो छोटा विजेचा दिवा लावला, लाल, समईच्या आकाराचा. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. तेव्हा त्या दिव्यातून एकाएकी गोळे निघाले. लाल, मग पिवळा, मग एक जांभळट, तिरप्या रांगेत, थेट तुझ्या सूर्यापर्यंत. मला वाटलं फोटोच्या काचेवर पडलेत. मी मान हलवली तर ते माझ्याबरोबर हलले. जगनच्या शर्टावर आले, भिंतीवर आले. मी डोळे पुसले आणि ते गेले. परत बघितलं, परत आले.

मध्ये काच नव्हती, मंदार. मी नीट बघितलं.